गुलाबी कागदाची मोहीम, मुक्काम पूर्णगड

श्री दर्या राजी असो. शके १९४७ विश्वावसु नाम संवत्सरी, श्रावण शुद्ध पक्षी, हिजरी सन १४४७ माहे सफर, इंग्रजी जुलैची अखेर आणि ऑगस्टची सुरुवात, इतक्या अवधीत मौजे पूर्णगड येथील मच्छीमार सोसायटीचे कचेरीत जे घोर युद्ध जाहले, ज्यात दोन बुचे, तीन तारा, एक कथलाची कांडी आणि दोन थोर पुरुषांची अब्रू खर्ची पडली, त्याची हकीकत येणेप्रमाणे. लिहिणाराने कोणाची भीड धरिली नाही. सोसायटीत चहा मात्र तीन वेळा घेतला, तो आधीच कबूल केलेला बरा.

पूर्णगड म्हणजे खाडीच्या मुखावरील गाव. वर किल्ला, तोही बेताचाच, आणि खाली होड्या, माडाची झापे, सुकत घातलेली जाळी. या मुलखाची खरी सत्ता किल्ल्यावर नसून बंदराकडील दोन खणी कचेरीत होती, आणि तेथे अजम रझियाबी एकोणीस वर्षे गादीवर होत्या. गादी म्हणजे फिरती खुर्ची, तिचे एक चाक गेलेले, सबब ती फिरत नसे, नुसती एका अंगास कलत असे. लेखनिक, कारभारी, टपालवाली आणि शिपाई ही चारही पदे त्याच कललेल्या आसनावरून चालत, आणि चौघांत कधी भांडण जाहल्याचे कोणी ऐकिले नाही.

रझियाबींचे पदरी एक छपाईयंत्र होते. ते जुन्या जातीचे, शाईच्या फितीवर सुया आपटून अक्षर उमटविणारे, आणि त्याचा आवाज ऐसा की गावातील बायका त्यास करकऱ्या म्हणत. दर्यावर जाणारे प्रत्येक खलाशाची चिठ्ठी करकऱ्या छापी. नाव, वय, होडी, तांडेल. चिठ्ठी तीन थरांची. पांढरा कागद बंदराचे चौकीस, पिवळा सोसायटीत आणि तळचा गुलाबी कागद खलाशाचे घरी. गुलाबीस गावात ‘घरचा कागद’ म्हणत. कोणी तो कुराण ठेवायचे रेहालीखाली ठेवी, कोणी देव्हाऱ्यात, कोणी तांदळाचे डब्यात, आणि होडी सुखरूप आली म्हणजे ज्याचे नाव कागदावर, त्यानेच तो आपले हाताने फाडावा आणि चुलीत घालावा आणि मग त्या चुलीवर चहा ठेवावा, ऐसा रिवाज. बायकोने फाडू नये, आईने फाडू नये. फाडण्याचा हक्क परतलेल्याचा.

ऐसे सर्व सुरळीत असता आषाढात घात जाहला. सोसायटीचा जुना संगणक, वयोवृद्ध, अंगाने पिवळा, त्याचे पोटात पाल शिरली आणि दोघेही एकदमच पैगंबरवासी जाहले. मग रत्नागिरीचे वरिष्ठ कचेरीतून नवा संगणक आला, काळा, सडपातळ, आणि त्याबरोबर नवे छपाईयंत्र आले, ते इतके हळू बोले की चालू आहे की निजले आहे हे हात लावून पाहावे लागे. आणि संगणक-सुभेदार राजमान्य राजश्री गौरवराव यांचा खलिता आला की, नव्या व्यवस्थेत प्रत्येक खलाशाची चिठ्ठी एकदाच आणि एकच छापली जाईल, मग संगणक ते नाव कुलूपबंद करील, तिसऱ्या प्रतीचा उपयोग आढळत नाही, सबब ती बंद, आणि जुने यंत्र भंगारात जमा करावे.

रझियाबींनी खलिता वाचिला आणि चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचिला. उपयोग आढळत नाही, हे शब्द दुसरे खेपेसही तेथेच होते. त्यांस नासिरचाचांचे घर आठवले. नासिरचाचांचे धाकटे भाऊ सोळा वर्षांमागे होडीवर गेले ते आले नाहीत, आणि त्यांचा घरचा कागद अजून कपाटात आहे, फाडणारा नाही म्हणून तसाच आहे, गुलाबीचा पांढरा जाहला पण सुयांनी ठोकलेले नाव बोटास लागते. ती चिठ्ठी रझियाबींनीच छापली होती. चाचांची आई मरेतो रोज त्या नावावरून बोट फिरवीत असे, तिजपाशी मुलाचे दुसरे काही उरले नव्हते. रझियाबींचा स्वतःचा नवरा अक्रम ‘दर्यादौलत’ होडीचा तांडेल. एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठणार आणि जुम्याची नमाज होताच होड्या निघणार, आणि एकोणीस वर्षांत प्रथमच घरात कागद असणार नाही, हे मनात येऊन त्यांस भय वाटले. भयाचा त्यांस राग आला आणि रागात त्यांनी रत्नागिरीस फोन लाविला.

गौरवराव सभ्य गृहस्थ. त्यांनी कळविले की नव्या संगणकास जुन्या यंत्राचे भोकच नाही, तरी शुक्रवारी बारापर्यंत ते यंत्र नव्या संगणकावरून छापू लागले तर खुशाल ठेवावे, न लागल्यास आपण जीप घेऊन येतो आणि उचलून नेतो. हे त्यांनी हसत कळविले. रझियाबींनी तेच शब्द व्हॉट्सअॅपवर लिहून मागितले, आणि ते आले, आणि त्याखाली अंगठाही आला. तो दिवस सोमवार.

मग मसलत बसली. मसलतीस नासिरचाचा आले, दुरुस्तीवाला अनिल आला आणि गोदूबाई आल्या. गोदूबाईंचा नवरा बाबू हा ‘दर्यादौलत’वर खलाशी, सबब त्यांचा हक्क पहिला. नासिरचाचांनी मांडिले की एका कागदावरून झेरॉक्स काढाव्या, पावस गावी दुकान आहे. गोदूबाईंनी ते मोडून काढिले. झेरॉक्स ही सावली, आणि सावली घरात ठेवून काय करायचे. बंदराचे कागदावर जो ठोका पडतो तोच घरचे कागदावर पडला पाहिजे, एकाच दमात, तरच दोन्हीकडचा माणूस एक. हाताने लिहून द्यावे असे कोणी म्हणाले, तेही नामंजूर जाहले. मसलतीचा निकाल ऐसा की करकऱ्यास जोडायचे, आणि जोडायचेच.

मंगळवारी रझियाबी स्वतः एसटीने रत्नागिरीस स्वारी घेऊन गेल्या. चार दुकाने पालथी घातली. तीन दुकानदारांनी आदराने हात जोडिले. चौथ्याने खणातून एक बूच काढिले, त्यास एके अंगी नव्या संगणकात शिरणारी चपटी जीभ आणि दुसरे अंगी जुन्या यंत्रांचे रीतीचे नऊ दात, वर पाच, खाली चार. तो म्हणाला की केबल आता येत नाही, केबल स्वतः बनवावी, आणि त्याने केबलीचे टोकांस लावायची दोन रिकामी बुचे दिली, एक दातवाले, एक भोकवाले. जुनी केबल खाऱ्या हवेने हिरवी होऊन यंत्र हलवितानाच तुटली होती. तार अक्रमने दिली, होडीवरील मासे शोधणाऱ्या यंत्राची उरलेली, आत तीन तारा, लाल, काळी, पांढरी.

आता या मोहिमेचे दोन सरदार. नासिरचाचा हे तीस वर्षे आखाती जहाजांवर वायरमन, त्यांचे हाताखालून जी तार गेली ती कधी सुटली नाही, ऐसी कीर्ती. अनिल हा गावातला पंखे, मिक्सर, मोबाइल आणि लग्नाचे लाऊडस्पीकर यांचा दुरुस्तीवाला, हात चपळ, जीभ त्याहून चपळ. दोघांत वाकडे होते, कारण मागील उरुसात अनिलने लावलेला स्पीकर चाचांनी सुधारला की बिघडविला याचा निकाल अद्याप लागला नव्हता. रझियाबींनी करकऱ्याचे पुस्तक प्लास्टिकचे पिशवीत जपून ठेविले होते, परंतु वाळवीने पिशवीचा मान राखिला नाही. कामाचे पानावर एवढेच उरले होते की दोन, तीन आणि पाच या क्रमांकांच्या तारा जोडाव्या. कोणती तार काय करिते, तो भाग वाळवीने वाचून टाकिला होता. छपाईचा वेग नऊ हजार सहाशे ठेवायचा, हे रझियाबींनी पूर्वीच कॅलेंडरचे पाठीवर लिहून ठेविले होते, तेवढे वाचले.

बुधवारी नासिरचाचांनी हल्ला केला. अंगावर बनियन, डोळ्यावर दोरीचा चष्मा. बुचाचे पाठीकडून, जेथे कथील लावायचे, तेथे चाचांनी दात मोजिले आणि दोनास दोन, तीनास तीन, पाचास पाच ऐसे टाके घातले आणि फुंकर मारली. दातवाले टोक करकऱ्यात शिरले, भोकवाले टोक नव्या बुचावर बसले, रझियाबींनी हुकूम सोडिला आणि सगळे कान देऊन राहिले. करकऱ्या गप्प. संगणकाने मात्र छापले, छापले, असे दोनदा खोटे कळविले.

तेव्हां अनिलने केबल हाती घेतली आणि उजेडाकडे धरिली आणि जाहीर केले की चाचांनी मोजणीच उलटी केली आहे, उजवीकडून. चाचा उर्दू शाळेत शिकलेले, त्यांचा प्रत्येक कागद, प्रत्येक रांग, ताटातील भाकऱ्यासुद्धा उजवीकडूनच सुरू होत. चाचा शांतपणे म्हणाले, “उजवीकडनाच मोजायचा. जहाजावर असाच होता.” अनिलने जहाजाचा अपमान होईल ऐसे काही तोंडातल्या तोंडात केले.

गुरुवारी अनिलचा हल्ला. त्याने दोन्ही टोके उकलिली आणि डावीकडून मोजून, मराठी शाळेचे रीतीने, नवे टाके घातले, आणि घालिताना गाणेही म्हटले. रझियाबींनी हुकूम सोडिला. करकऱ्या गप्प. गोदूबाईंनी यंत्राचे डोक्यावर एक चापट दिली, त्याचाही गुण आला नाही.

मग जे व्हायचे ते जाहले. चाचा म्हणाले उजवीकडून, अनिल म्हणाला डावीकडून, आणि चाचांनी तीस वर्षे काढिली आणि अनिलने उरूस काढिला आणि चाचांनी अनिलचे बापाचा रेडिओ काढिला. कचेरीबाहेर माणसे जमली आणि तीही दोन तट करून उजवी-डावी बोलू लागली, ज्यांस तारेत काही कळत नव्हते ती अधिक जोरात. रझियाबी कललेल्या खुर्चीत बसून राहिल्या. दुसरे दिवशी जुम्मा होता आणि एकशे छत्तीस चिठ्ठ्या छापायच्या होत्या. त्यांस रडू येत होते आणि चारचौघांत रडायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी हातास काम दिले. केबल उचलिली, दोन्ही बुचांचे पाठीचे मोबाइलने फोटो काढिले आणि दोन बोटांनी ताणून मोठे केले.

तो काय, प्रत्येक टाक्याशेजारी बुचावरच अंक घडविलेले, मुंगीचे पायाएवढे. दातवाले टोकाचे पाठीवर एक, दोन, तीन उजवीकडून निघत होते. भोकवाले टोकाचे पाठीवर तेच अंक डावीकडून. समोरासमोर भेटणारी बुचे, सबब एकाचे उजवे ते दुसऱ्याचे डावे. चाचा अर्धे खरे होते आणि अनिल अर्धा खरा होता, आणि दोघांनी दोन दिवस आपला उरलेला अर्धा खोटेपणा दुसऱ्याचे टोकावर डकविला होता. रझियाबींनी फोटो दोघांस दाखविला. कोणी माफी मागितली नाही. चाचा चष्म्याची दोरी सोडवीत बसले आणि अनिलने चहा सांगितला.

मग तह ठरला. दातवाले टोक चाचांचे, उर्दू कलमाने. भोकवाले टोक अनिलचे, मराठी कलमाने. एकाने दुसऱ्याचे टोकास हात लावू नये. शुक्रवारी सकाळी आठ वाजता चाचांनी आपले टोक पुन्हा बांधिले, अनिलने त्यांस कथील पुरविले, हे दृश्य पाहण्यास लोक आले होते. रझियाबींनी बिस्मिल्ला म्हणून हुकूम सोडिला.

करकऱ्या गप्प.

नऊ वाजले होते. बाहेर होड्यांवर बर्फ चढत होता. मग दोघे सरदार एकदमच बोलू लागले, चाचा अनिलकडे तोंड करून, अनिल चाचांकडे तोंड करून, आणि दोघांचाही शब्द दुसऱ्याचे शब्दावर आपटून खाली पडत होता. गोदूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, त्या त्रासून म्हणाल्या, “दोगं पन बोलतायत. मग आयकतो कोन?”

हे वाक्य त्यांनी माणसांस उद्देशून म्हटले. रझियाबींनी ते यंत्रांस लावून पाहिले. दोनास दोन आणि तीनास तीन जोडिले म्हणजे संगणकाचे तोंड करकऱ्याचे तोंडास जुळले आणि कान कानास, मग संगणक तीन दिवस बोलतो आहे ते कोणाचे कानावर जाणार? गावात पुढे वाद पडला की ही अक्कल गोदूबाईंची की रझियाबींची. गोदूबाई म्हणतात आपण यंत्राविषयी काही बोललोच नाही, आणि रझियाबी म्हणतात बोललात. रझियाबींनी तेथल्या तेथे फर्मान काढिले की एकाचे दोन दुसऱ्याचे तिनास आणि एकाचे तीन दुसऱ्याचे दोनास लावावे, म्हणजे तोंडास कान मिळेल, पाचास हात लावू नये. टाके कोणाचे टोकावर बदलायचे, यावरून पुन्हा तंटा उभा राहणार, इतक्यात अनिल म्हणाला, “चाचा, तुमच्याच टोकावर करा. तुमचा टाका पक्का.” चाचांनी त्याच्याकडे पाहिले आणि कथलाची कांडी घेतली. टाका बसला.

पावणेदहास रझियाबींनी हुकूम सोडिला. आणि करकऱ्याने आधी डोके डावीकडे आपटिले, मग उजवीकडे, आणि मग बंदीचे दोन महिन्यांचा अबोला सोडून ऐसा करकरला की बाहेरील कोंबड्या छपरावर गेल्या. पहिले नाव उमटले, पांढऱ्यावर ठळक, पिवळ्यावर बरे, गुलाबीवर फिके, परंतु तिन्हींवर एकाच ठोक्यात. संगणकाने हुकुमाप्रमाणे ते नाव एकदा छापून कुलूपबंद केले, त्या बिचाऱ्यास काय माहीत की एकात तीन गेले. रझियाबींनी गुलाबी कागद उचलला आणि त्याची पाठ अंगठ्याने चाचपली, नाव बोटास लागत होते. मग त्या खुर्चीत बसल्या आणि सर्वांदेखत रडल्या, आणि खुर्ची त्या बाजूस अधिकच कलली.

साडेअकरास गौरवरावांची जीप आली, मागे दोरखंड आणि दोन हमाल. छप्पन्न चिठ्ठ्या छापून जाहल्या होत्या आणि आवाजात कोणास कोणाचे ऐकू येत नव्हते. गौरवराव दारातच थबकले. मग यंत्राभोवती एक फेरी घालून, केबल पाहून, विचारिते जाहले, “मॅडम, हे जोडलंत कसं?”

रझियाबी म्हणाल्या, “एक टोक उर्दूत, एक टोक मराठीत.”

गौरवरावांनी हे वहीत टिपून घेतले, अजूनही त्यांचे वहीत असेल. ते शब्दाचे पक्के निघाले, हे लिहिणे भाग आहे. त्यांनी तेथेच उभ्याने लिहून दिले की तिसरी प्रत पुढील हुकूम होईतो चालू. रझियाबींनी तो कागद घेतला आणि त्यांस रिकामे उभे राहू दिले नाही. गुलाबी कागद थरातून सोडवून, नीट दुमडून, दारातल्या बायकांस वाटायचे काम सांगितले, कारण ज्यास उपयोग आढळत नाही त्यास तो जवळून दाखवावा. गौरवरावांनी नावे पुकारिली आणि कागद दिले. बायका कागद घेत, पदरात किंवा ओढणीत बांधीत आणि निघत. विसावे नावानंतर गौरवरावांचे पुकारणे आपोआप हळू जाहले.

गोदूबाईंची पाळी आली. त्यांस अक्षर येत नाही हे कोणी तरी सांगितले, तेव्हां गौरवराव वाचून दाखवितो म्हणाले. गोदूबाईंनी कागद काढून घेतला आणि नखाने एकेक अक्षर दाखवीत गेल्या. संगणक इंग्रजीच छापी, मोठ्या अक्षरांत. “ह्यो पोटवाला,” त्या म्हणाल्या, “मग डोंगर, परत पोटवाला, नि शेवटाक मडका. ह्यो माजा घोव.” बाबूचे नाव बरोबर होते. त्यांनी कागद पोलक्यात ठेविला आणि घरी गेल्या.

जुम्याची नमाज जाहली आणि होड्या निघाल्या, तेव्हां एकशे छत्तीस घरी एकशे छत्तीस गुलाबी कागद होते, त्यांत एक रझियाबींचे घरी, रेहालीखाली. दोरखंड आणि हमाल जसे आले तसे परत गेले. केबल आजतागायत तीच आहे, तिचे दोन्ही टोकांवर रझियाबींनी चिकटपट्टी लावून एकीवर उर्दूत नासिर आणि दुसरीवर मराठीत अनिल ऐसे लिहिले आहे, आणि धूळ झाडतानाही एकाने दुसऱ्याचे टोकास हात लावू नये हा तह अमलात आहे.

येणेप्रमाणे गुलाबी कागदाची मोहीम फत्ते जाहली. ऐसे लिखाणास शेवटी शिक्का असावा, आणि या लिखाणाचा शिक्का खरा होता, सुयांनी ठोकलेला, चार अक्षरांचा. परंतु तो आता दाखविता येत नाही. नवव्या दिवशी ‘दर्यादौलत’ बंदरास लागली, आणि बाबू पाय न धुता घरात आला आणि देव्हाऱ्यातून आपला कागद काढून त्याने दोन तुकडे केले आणि गोदूबाईंचे चुलीत घातले. गोदूबाईंनी चहा ठेविला. साखर जास्त पडली होती, तरी बाबूने दुसरा कप मागितला.